गुलाबाचा खोडवा

ऑगस्टमधल्या एका सकाळी माझ्या गुलाबांच्या मधोमध मेथी उगवलेली दिसली. दोन-दोन पानांची, सरळ ओळीत, ओळी-ओळींत वीतभर अंतर सोडून. कोणी पेरली हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात इतकी सरळ ओळ धरणारा माणूस एकच होता, आणि तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून माझ्याकडे न बघता बशीतला चहा पीत होता.

"आबा, ही मेथी..."

"आंतरपीक हाय," आबा म्हणाले. "मधली जागा मोकळी कशाला ठिवायची?"

मी "बरं" म्हणाले आणि कामाला निघून गेले. आबांच्या मेथीपेक्षा मला अजून माझ्या त्या "बरं"चा राग येतो.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. सगळा जन्म सणसरला उसात गेला. जूनमध्ये बारामतीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, व्यायाम करून घेणारी बाई रोज घरी यायला हवी म्हणून ते आमच्याकडे जळोचीला आले. दोन महिन्यांसाठी. डॉक्टरांनी सरीत उतरायला मनाई केली होती, शेत चुलत्यांनी हातात घेतलं होतं, आणि आबांच्या समोर आमच्या घराची भिंत, भिंतीलगतची चार फूट रुंद मातीची पट्टी आणि तीत माझे सात गुलाब, एवढंच उरलं होतं.

ही पट्टी घर बांधणाऱ्याने डबर आणि मुरूम टाकून बुजवली होती. बाकीच्या अंगणात फरशी. मी एक वर्ष रोज थोडे थोडे विटांचे तुकडे काढले, गोठ्यातलं कुजलेलं शेण आणून घातलं, आणि मग एक एक झाड लावलं. घरात माझं असं तेवढंच होतं. खोलीत धाकटी बहीण असते, स्वयंपाकघर आईचं, टीव्ही वडिलांचा. मी एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. दुधाच्या बाटल्या येतात, त्या तपासायच्या, आकडे लिहायचे. दिवसभर कोणाशी फार बोलावं लागत नाही, हे ती नोकरी मला आवडण्याचं पहिलं कारण. गुलाब आवडायचं कारणही साधारण तेच.

आधी मी नर्सरीतले मोठ्या फुलांचे गुलाब आणत होते. लांब दांडा, मोठी कळी, लग्नाच्या गुच्छात असतात तसे. ते दरवर्षी एप्रिलमध्ये माना टाकायचे आणि मेमध्ये मरायचे. मग मी इंग्रजी व्हिडिओ बघायला लागले. तिथे झुडपी, काटक गुलाबांबद्दल खूप सांगतात. बर्फात टिकतात, गोठलेल्या जमिनीतून वसंतात परत फुटतात, हिवाळ्यात बुंध्याभोवती पाला कसा रचायचा. मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते, आणि बाहेर बेचाळीस डिग्री होती. आमच्या बागेला बर्फाचं भय नाही. आम्हाला दोनच शत्रू: मे महिना आणि बोअरचं पाणी. पाणी इतकं जड की कुंडीच्या कडेला आठ दिवसांत पांढरा थर चढतो. त्या व्हिडिओंमधला एकही माणूस बोअरच्या पाण्याबद्दल बोलत नाही. शेवटी मी झाडं मारत मारतच शिकले. नर्सरीतून डोळा भरलेली पाच झुडपी कलमं आणली, ती दोन उन्हाळे टिकली. सहावं एक लाल, कुठूनसं आलेलं. आणि सातवं मॅडमचं.

मॅडम माझ्या लॅबच्या प्रमुख होत्या. मी नवी असताना इतर लोक मला "तू बोलत का नाहीस" असं विचारायचे, जणू त्याला उत्तर असतं. मॅडमनी एकदाच सांगितलं, "बोलायचं नसेल तर नको बोलूस. आकडा मात्र चुकवू नकोस." तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. त्या पावसाळ्यात मला इंदापूरला त्यांच्या घरी बोलावलं. दारात, पाण्याच्या टाकीशेजारी, माझ्या खांद्याएवढं एक झुडूप होतं. फिकट गुलाबी, लहान, झुबक्यांनी येणारी फुलं, आणि वास असा की गेटपाशीच कळावं. कोणी लावलं, कोणती जात, मॅडमना माहीत नव्हतं. त्यांच्या सासूच्या वेळेपासून होतं. त्यांनी पेन्सिलीएवढी एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "लाड करू नकोस. पाणी दे आणि सोडून दे."

ती फांदी लागली. तीन वर्षांत कमरेएवढी झाली. मेमध्येही ती मान टाकत नसे.

सप्टेंबरात मॅडमचा फोन आला. इंदापूरचं घर विकलं होतं, त्या पुण्याला मुलाकडे राहायला जाणार होत्या. नव्या मालकाने त्यांना दिवाळीपर्यंत राहू दिलं होतं, पण अंगणात लगेच पेव्हर ब्लॉक बसवले.

"झाड गेलं गं," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं फांदी नंतर घेऊ. तर एका दिवसात सगळं सपाट. तुझ्याकडचं आहे ना?"

"आहे."

"बरं चाललंय?"

"खूप छान आहे, मॅडम."

"मग दिवाळी झाली की पुण्याला जाताना येते. एक चांगली जाड फांदी ठेव माझ्यासाठी. गॅलरीत लावीन. तेवढंच न्यायचंय मला त्या घरातलं."

मी त्याच दिवशी फांदी निवडली. सरळ, जाड, चांगले पेर असलेली. तिला लाल लोकरीचा धागा बांधला.

आबांनी व्हरांड्यातून बघितलं. "दिष्ट लागू नये म्हणून व्हय?"

"हं," मी म्हणाले.

इथे मला थांबून कबूल केलं पाहिजे की हे "हं" मी अनेक ठिकाणी वापरते. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती. मॅडम कोण, फांदी कशाला, लाल धागा का. आबांसमोर माझी चार वाक्यं कधी पूर्ण होत नाहीत. पहिल्याच वाक्याला ते म्हणतात, "इंग्लिश साळंत मराटी शिकवत्यात का न्हाय?" आणि पुढची तीन माझ्या पोटात राहतात. घरात मी सगळ्यांशी असंच वागते. अर्धं आत, अर्धं बाहेर.

तर मेथी. मेथी ही सुरुवात नव्हतीच. जूनमध्ये आबा खुर्चीतून नुसते बघायचे. "ह्याचं उत्पन्न काय?" काही नाही, असं मी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, एखाद्याने आपला आजार सांगितल्यावर हलवावी तशी. जुलैत वॉकर घेऊन पट्टीच्या कडेपर्यंत आले. प्रत्येक झाडाभोवती पाण्यासाठी मी गोल आळं केलं होतं, ते त्यांना पटलं नाही. एका दुपारी मी कामावर असताना त्यांनी व्यायामवाल्या बाईकडून नळी धरून घेऊन, माती ओढून, सरी पाडली. मी आले तेव्हा पट्टीत घोट्याएवढं पाणी साचलेलं होतं आणि गुलाब त्यात उभे.

"मुळं कुजतील, आबा."

"उसाची कुजत्यात का?"

मग युरिया. माझ्या लाल गुलाबाला त्यांनी मूठभर युरिया घातला आणि त्याची पानं कडेने जळाली. तो गेलाच. सातातले सहा उरले. प्रत्येक झाडापाशी मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचल्या होत्या, जातीचं नाव, लावल्याचा महिना, छाटणीची उंची, सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. खुरप्याला चिकटलेली माती काढायला त्या पट्ट्या फार चांगल्या, असा शोध आबांना लागला. एकेक करून सगळ्या उपटल्या गेल्या.

मी आईकडे तक्रार केली.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "त्यांचं मन रमतंय."

मी वडिलांना सांगितलं.

"मी बोलतो," वडील म्हणाले.

ते बोलले नाहीत. वडील त्रेपन्न वर्षांचे आहेत, आणि आबा खाकरले तरी ते अजून मोबाईल खिशात घालतात. आईचं "मन रमतंय" आणि वडिलांचं "मी बोलतो" ही दोन वाक्यं मी त्या पावसाळ्यात इतक्यांदा ऐकली की शेवटी ती म्हणायच्या आधी त्यांचे चेहरे कसे होतात तेही मला पाठ झालं.

मेथी मात्र चांगली आली. आबा रोज एक जुडी उपटून आईला द्यायचे आणि जेवताना माझ्याकडे बघायचे. मी भाजी खायचे. काय करणार.

दसरा झाला त्या आठवड्यात मला सकाळची शिफ्ट होती. चार वाजता मी परत आले. एमआयडीसीतून सुटलेल्या मोटरसायकलींच्या मागे स्कूटी चालवत आलं की डोळ्यांत धूळ जाते, त्यामुळे गेट उघडलं तेव्हा मला आधी वाटलं की मला नीट दिसत नाहीये.

पट्टीत काहीच नव्हतं.

सहाच्या सहा झाडं जमिनीलगत कापलेली होती. लगत म्हणजे अगदी लगत, मातीच्या पातळीला, वर एक बोटसुद्धा बुंधा ठेवला नव्हता. कापही सुबक, तिरके नाहीत, फाटलेले नाहीत. वरची माती खरवडून बुंध्यांच्या कडा स्वच्छ केलेल्या. आणि कापलेल्या सगळ्या फांद्यांचे बोट-बोटभर तुकडे करून ते ओळींच्या मधे पसरलेले, काट्यांसकट. आबा उलट्या क्रेटवर बसून फडक्याने कोयता पुसत होते. ऑपरेशननंतर इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

"खोडवा ठिवला," ते म्हणाले. "बुडखं छाटून घेतलं, वर पाचट घातलं. आता बघ कसं जोमात फुटतंय."

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊस एकदा लावला की तोडणीनंतर तो उपटत नाहीत. जमिनीलगत कापतात, खाली राहिलेले बुडखे नीट छाटतात, वाळलेला पाला ओळींत पसरतात, आणि जमिनीखालून नवा ऊस फुटतो. तो खोडवा. बुडखा जितका खालून छाटाल तितके कोंब जोरकस. आबांनी हे आयुष्यभर केलं, आणि त्यांच्यासारखे बुडखे छाटणारा माणूस सणसरमध्ये नाही असं वडीलही सांगतात. माझ्या गुलाबांवर त्यांनी त्यांचं सगळ्यात चांगलं काम केलं होतं.

त्या काट्यांच्या पसाऱ्यात मला लाल लोकरीचा धागा दिसला. दोन इंचांच्या तुकड्याला बांधलेला.

मग मी बोलले. जवळजवळ पाच मिनिटं बोलले. आवाज चढवून, न अडखळता, एकामागून एक पूर्ण वाक्यं, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मला कधी जमलं नाही तसं. शेजारच्या काकू कपडे काढायचं सोडून भिंतीवरून बघायला लागल्या. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी इंग्रजीत बोलले होते.

आबांनी कोयता खाली ठेवला आणि आईला विचारलं, "काय म्हणती?"

"काही नाही," आई म्हणाली. "दमलीय."

मी गुडघ्यांवर बसून तुकडे चाळले. मॅडमच्या झाडाचे वीतभर लांबीचे चार सापडले, सकाळपासून उन्हात पडलेले. ते पाण्यात घातले, मग वाळूत लावले. आठ दिवसांत चारही काळे पडले.

त्यानंतर मी आबांशी बोलणं बंद केलं. माझ्या बाबतीत हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही, हा माझा जुना प्रश्न आहे. आबांच्या तर मुळीच आलं नाही. ते रोज सकाळी काठी टेकत पट्टीपाशी जायचे आणि वाकून बघायचे. दहा-बारा दिवसांत पाच बुडख्यांमधून कोंब आले. लालसर, ताठ, भराभर वाढणारे. रविवारी जेवताना ते वडिलांना सांगत होते, "एकेकाला सात-सात, आठ-आठ फुटवं हायत. लावणीला एवढं नव्हतं. आन ही म्हणं मुळं कुजत्यात."

"हो का," वडील म्हणाले, ताटाकडे बघत.

"ते गुलाब नाहीत," मी म्हणाले.

मराठीत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी?"

"खालचा खुंट रानटी असतो, आबा. नर्सरीवाले त्याच्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरतात. डोळ्याच्या वरचं झाड तेवढं आपलं. आता फुटलंय ते खालचं रानटी. त्याला मोठी फुलं येणार नाहीत. बहुतेक काहीच येणार नाही."

आबांचा घास हातात राहिला. "डोळा कुठं हुता?"

"जमिनीच्या वर. दोन बोटं."

ऊस लावणाऱ्या माणसाला डोळा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उभा जन्म त्यांनी बेण्याचे, म्हणजे लावायच्या कांड्यांचे, डोळे तपासले होते, किडका बाजूला, चांगला सरीत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"म्हंजी डोळाच छाटला मी."

बहीण पाणी आणायला उठली.

"आदी सांगायचं न्हाईस व्हय?" आबा म्हणाले. रागाने नाही. खरोखर विचारत होते.

माझ्याकडे उत्तर होतं. मी पट्ट्यांवर लिहिलं होतं. छाटणीची उंचीसुद्धा लिहिली होती. पण ते तोंडातून काढण्यासारखं उत्तर नव्हतं. मग मी मॅडमचं सांगितलं. इंदापूरचं झाड, पेव्हर ब्लॉक, फांदी, लाल धागा, दिवाळी. चारपेक्षा बरीच जास्त वाक्यं झाली. आबांनी एकदाही शाळेचा विषय काढला नाही.

"त्या बाईंच्या झाडाला डोळा भरलेला हुता का?"

"नाही. ते फांदीवरून लावलेलं. स्वतःच्या मुळांवर."

"मंग ते आपल्या उसाच्या लावणीगत झालं. ते यील."

"सगळे आले, तेच अजून आलं नाही."

"यील म्हणतोय न्हवं."

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की त्रास संपेल. दुसऱ्या दिवशी साडेदहाला लॅबमध्ये माझा फोन वाजला. मी फोनवर बोलायला घाबरते, लॅबमध्ये तर जास्तच, सगळे ऐकत असतात.

"मी बोलतोय. पाणी घालू का?"

"काल घातलंय, आबा."

"म्हंजी नगं?"

"नको."

साडेबाराला परत. "ऊन लई हाय. सावली करू का?"

"करा."

"कशाची?"

मग रोज हेच चाललं. माती उकरू का. मुंगळा आलाय, मारू का. मांजर बसलं होतं, हाकललं. चार महिने मला न विचारता सगळं करणारा माणूस आता मला विचारल्याशिवाय श्वास घेत नव्हता. लॅबमधले सहकारी दहा वाजून गेले की घड्याळाकडे बघून म्हणायचे, "आज उशीर झाला आबांना." आई म्हणाली, त्यांचं मन रमतंय. मी तिला म्हटलं की माझं नाही रमत. ती हसली, मला हसू आलं नाही.

आबांनी मॅडमच्या झाडाच्या बुडख्याशेजारी क्रेट नेऊन ठेवला होता. त्यावर बसून राहायचे. व्यायामवाली बाई आली की तिथेच पाय लांब करायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मातीतून एक कोंब वर आला, गव्हाच्या दाण्याएवढा, गडद लाल. चार दिवसांनी दुसरा, बुडख्यापासून चांगला चार बोटं लांब. मला हायसं वाटलं, आणि लगेच दुसरी काळजी सुरू झाली. झाड वाचलं होतं, पण फांदी नव्हती. फांदी तयार व्हायला उन्हाळा उजाडला असता. मी मॅडमना फोन करून सांगायला हवं होतं. तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

मॅडम शनिवारी सकाळी आल्या, भाड्याच्या गाडीतून, मागच्या सीटवर देवांचा डबा आणि पंखा. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. त्या आत आल्या, पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठंय?"

मी बोट दाखवलं. मातीत दोन लाल कोंब, मोठा बोटाच्या पेराएवढा. मी सांगायला तोंड उघडलं आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.

"मी छाटलं," मागून आबा म्हणाले. ते काठी न घेता उभे राहिले होते. "हिची काय चूक न्हाय. मी उसागत छाटलं सगळं. तुमची फांदीबी त्यातच गेली."

मॅडमनी वाकून मोठ्या कोंबाला बोट लावलं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले असावे. मग म्हणाल्या, "असू दे. जिवंत आहे ना. पुढच्या वर्षी बघू." आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. पुढच्या वर्षी त्या पुण्याहून इथे येतील, असं त्यांना वाटत नव्हतं, ते मला दिसलं.

"थांबा," आबा म्हणाले. "नांग्या भरताना आमी काय करतो? खोडव्यात जिथं फुटलं न्हाय तिथं दुसऱ्या ठोंबातला तुकडा मुळासकट काढून लावतो." ते माझ्याकडे वळले. "त्यो दुसरा कोंब लांब आलाय. त्याला खाली त्याचं मूळ असणार. काढता यील. काढू का?"

मला त्या क्षणी काय हवं होतं ते स्पष्ट माहीत होतं. आबांच्या हातात पुन्हा हत्यार द्यायचं नव्हतं. आणि मॅडमना रिकाम्या हाताने पाठवायचं नव्हतं. चुकलं असतं तर दोन्ही कोंब गेले असते, त्या झाडाचं जगात दुसरं काही उरलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "मी काढणार. तुम्ही सांगा."

आबांनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि ते क्रेटवर बसले. "लांबून धर. वीतभर लांबून. न्हाय, आणखी. माती हातानं काढ, लोखंड लावू नगं." मी हाताने माती काढत गेले. छाटलेल्या फांद्यांचे काटे अजून मातीत होते, दोन बोटांत घुसले. मॅडम शेजारी उकिडव्या बसल्या. खाली, खरंच, बुडख्यापासून एक आडवी मुळी निघाली होती, करंगळीएवढी, आणि कोंबाच्या खाली तिला स्वतःची तंतुमुळं होती, पांढरी, झुबकाभर.

"आता कोयता लागंल," आबा म्हणाले, आणि मी बघितल्यावर, "तूच मार. एका घावात. दोन केलंस तर चेंदा हुईल."

मी एका घावात तोडलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला कोयत्याचा घाव. आबांनी कापलेली बाजू उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि परत दिली.

मुळाभोवती आमचीच माती, वर ओलं फडकं, वर दुधाची रिकामी पिशवी. मॅडमनी ते पुण्यापर्यंत मांडीवर नेलं. जाताना आबांना म्हणाल्या, "आता ह्याला कुठवर छाटायचं?" आबा म्हणाले, "ते हिला इचारा. मला बंदी हाय."

मॅडम गेल्या आणि दुपारी आबांनी जाहीर केलं, "वाटणी करू. तुझं तू बघ, माझं मी बघतो." पट्टीच्या मधोमध त्यांनी मातीचा वीतभर उंच बांध घातला. त्यांच्याकडे पाच रानटी खुंट, आज माझ्या उंचीचे झालेले, आणि कोथिंबीर. माझ्याकडे एक बुडखा आणि एक कोंब. मी मान्य केलं. त्या खुंटांवर पुढेमागे आपण डोळे भरू, असं ते म्हणतात. सणसरला कोणीतरी आहे म्हणे ज्याला ते येतं. त्याचाही मला आतापासून ताप आहे.

आता फेब्रुवारी सुरू आहे. दोन महिन्यांसाठी आलेले आबा इथेच आहेत. मॅडमनी जानेवारीत फोटो पाठवला: कुंडी, कुंडीत एक काडी, पानं सगळी गळलेली. मी दोन दिवस जेवले नाही. काल दुसरा फोटो आला, काडीला दोन ठिकाणी लाल ठिपके. मी तो आबांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "बेणं चांगलं हुतं."

आमच्या बुडख्याला चार फांद्या आहेत, गुडघ्याएवढ्या. मात्र डिसेंबरपासून मला एक शंका येत होती. माझी बाजू अरुंद वाटायला लागली होती. मी भिंतीवर खडूने खूण केली. आठ दिवसांनी बांध खुणेच्या चार बोटं अलीकडे होता. मी संध्याकाळी खुरप्याने तो मागे सारला, काही न बोलता. पुढच्या आठवड्यात तो परत अलीकडे आला. मी परत सारला. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. सगळा जन्म शेजाऱ्याशी बांधावरून भांडलेला माणूस आहे, त्याला चैन पडत नसणार.

काल कामावरून आले तर बांध माझ्या झाडाच्या मुळांपाशी टेकला होता, आणि माझ्या बाजूला कोथिंबिरीची एक ओळ.

"आबा," मी म्हणाले. "बांध सरकलाय."

"पाण्यानं सरकला आसंल."

"पाणी मीच घालते."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मंग वाऱ्यानं," ते म्हणाले.

मी खुरपं घेतलं आणि ते बघत असतानाच बांध खुणेपर्यंत मागे नेला. कोथिंबीर उपटली, आणि जुडी बांधून त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली.